रेवामाईची बुखारी

"पण थंडी वाजते ती कुणाला, माई?"

"मले."

विश्वंभर थबकला. एवढा मोठा प्रश्न असा भुईसपाट होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"तसं नव्हे. वाजते ती देहाला. कळते मनाला. पण या दोघांकडे जो नुसता पाहत असतो, त्याला..."

"त्याले लाकडं आनता येतात? येत नसन, तर तू आन. बुखारी मंद झाली."

विश्वंभर उठला. पडवीतून बांजाची, म्हणजे पहाडी ओकची, लाकडं आणली, बुखारीत कोंबली, हात झटकले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पुन्हा आपल्या आसनावर बसला. त्या खोलीत विस्तव नव्हता. तो नसावा हे त्याचंच म्हणणं होतं.

हा विश्वंभर आराध्ये वाईचा. घराण्यात प्रवचनाची परंपरा. त्याच्या वाट्याला ती आली तेव्हा तिला जणू पंख फुटले. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, दृष्टांत जिभेवर. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत लोक त्याला बुवा म्हणत आणि चातुर्मासात त्याची तारीख मिळवण्यासाठी देवळादेवळांत रुसवेफुगवे होत.

आणि एका कार्तिकात हे सगळं सोडून तो गंगोत्रीच्या अलीकडे, देवदारांच्या रानातल्या एका दगडी घराच्या दारात येऊन उभा राहिला. का, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला म्हणाला, साधनेसाठी जातो. तेवढं पुरेसं होतं.

घर होतं रेवामाईचं. ही म्हातारी मूळची वणीकडची. तरुणपणी गावच्या बायकांबरोबर यात्रेला आली होती. बायका परत गेल्या, ही राहिली. एवढं आयुष्य हिमालयात काढलं, पण जिभेवरची वऱ्हाडी काही उतरली नाही. ती प्रवचन करत नसे, गंडा बांधत नसे. तरीही लांबलांबचे साधू तिच्याकडे येऊन तासभर बसत आणि गप्प होऊन परत जात. विश्वंभरने हे अशाच एका साधूकडून ऐकलं होतं.

दिवाळी झाली की खालचं गाव रिकामं होई. माणसं, गुरं, पोरंबाळं, सगळं खालच्या खोऱ्यात उतरे. घरांना कुलपं लागत. मागे दोघंच राहत. वर माई, आणि खाली गावात घरांची राखण करणारा म्हातारा गुमानसिंग. तोच पानगळीत आपल्या खेचरावरून माईची लाकडं आणून टाकी. विश्वंभरने त्याला तेव्हा एकदा पाहिलं होतं. तंबाखूचा, खेचराचा आणि जुन्या लोकरीचा वास येणारा, फारसं न बोलणारा माणूस.

"हिवाळाभर राहू द्या," विश्वंभरने माईला हात जोडून सांगितलं होतं. "उपदेश घेऊन जाईन."

माईने त्याच्याकडे नाही, त्याच्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं. मंडव्याची, म्हणजे तिकडच्या नाचणीची, भाकर खाशील का, विचारलं. तो हो म्हणाला. मग तिने त्याला बुखारी दाखवली.

बुखारी म्हणजे पत्र्याची एक बसकी शेगडी. पुढे लहानसं दार, पाठीमागून वर निघालेलं नळकांडं, ते छतातून बाहेर. नळकांड्यात एक झडप. झडप उघडली की जाळ भडकतो, लोटली की धुमसत राहतो. देवदार चटकन पेटतो आणि चटकन संपतो. बांज पेटायला कुरकुर करतो, पण एकदा धरला की रात्र काढतो. झोपताना बांजाचा ओंडका ठेवून झडप लोटायची, सकाळी निखारा उकरायचा आणि त्यावरच नवा जाळ धरायचा. माईच्या घरात काडेपेटी क्वचितच लागे.

"हे तुझं काम," माई म्हणाली होती. "उपदेशाचं मंग पाहू."

विश्वंभरला वाटलं, ही परीक्षा. गुरू अशी कामं देतात हे त्याने स्वतःच किती प्रवचनांतून सांगितलं होतं. त्याने ते काम पत्करलं आणि परीक्षा देतात तसंच केलं. वेळच्या वेळी लाकूड टाकायचं आणि मोकळं व्हायचं. बुखारीपाशी मात्र तो कधी बसला नाही. त्याने मनाशी ठरवलं होतं, हा हिवाळा आपण आगीशिवाय काढायचा. अंगावर एक धाबळी, खाली दर्भाची चटई आणि समोर बर्फाच्छादित शिखर. याहून मोठं तप कुठलं?

पहिल्या दिवसांत दात वाजत. मग सवय झाली. मग सवयीची जागा एका गोड बधिरपणाने घेतली, आणि त्यालाच तो शांती समजू लागला.

एका संध्याकाळी जेवताना त्याने सहज बोलल्यासारखं सांगितलं की आज बैठक फार लांबली. हात-पाय आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं.

"बरं," माई म्हणाली.

तो वाट पाहत राहिला.

माईने भाकर उलटली. "आन उठल्यावर?"

"उठल्यावर काय?"

भाकर फुगली होती, तिकडे तिचं लक्ष होतं.

पौष सरता सरता बर्फ पडत राहिलं आणि मग एके दिवशी आभाळ निवळलं. डोंगरातली माणसं सांगतात, पडणाऱ्या बर्फाला भिऊ नये, त्यामागून येणाऱ्या निळ्या आभाळाला भ्यावं. तसंच झालं. हंड्यातलं पाणी दगड झालं. तेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडेना. नदीचा आवाज इतके दिवस कानांत भरून होता, तो बंद पडला, आणि ती गेली कुठे म्हणून विश्वंभर दचकून दाराशी गेला. नदी जागेवरच होती. गोठली होती.

त्या गारठ्याने माईचे गुडघे धरले. संध्याकाळी तिला अंथरुणावरून उठता येईना. तिने विश्वंभरला बजावलं की सकाळी जाग आल्याबरोबर निखारा उकर. अशा थंडीत तो उजाडेपर्यंत टिकतो, पुढे नाही.

त्याने मान डोलावली.

सकाळी त्याला अंधार असतानाच जाग आली. मन विलक्षण स्वच्छ होतं. अशी वेळ वाया घालवू नये, थोडं बसू आणि मग निखाऱ्याचं पाहू, असं म्हणून तो आसनावर बसला.

आणि त्या दिवशी बैठक लागली. आजवर कधी लागली नव्हती तशी. विचार एकेक करून विझत गेले.

"बुवा..."

आतून हाक आली. एकदाच.

त्याला ती ऐकू आली. अगदी स्पष्ट. पण साधक दाराशी पोचतो तेव्हाच संसार मागून हाका मारतो, हे वाक्य त्याने शेकडो लोकांना ऐकवलं होतं. तो हलला नाही. दुसरी हाक आली नाही.

ऊन खिडकीवर आलं तेव्हा तो उठला. पाय स्वतःचे वाटत नव्हते. भिंतीला धरत, आनंदाने नुसता भरून जाऊन, तो माईला सांगायला आत गेला.

आतली खोली बाहेरच्या खोलीइतकीच गार होती.

माई सगळ्या रजया आणि गोधड्या अंगावर ओढून निजली होती. नुसता चेहरा दिसत होता, आणि तोंडातून निघणारी वाफ. विश्वंभरने बुखारीवर हात ठेवला. घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखी ती थंड होती.

"बसनं झालं?" माईने विचारलं.

"झालं."

"चांगलं झालं?"

तो खाली बसला आणि बुखारी पेटवू लागला. काड्या त्याच्या बोटांत मोडत होत्या, कारण बोटांना काडी कळतच नव्हती. बऱ्याच खटपटीनंतर देवदाराच्या राळभरल्या चिरफळीने जीव धरला, धूर खोलीत भरला, मग नळकांड्याने तो ओढून घेतला. मोठं लाकूड आणायला म्हणून तो पडवीत गेला, आणि तिथून अंगणाच्या गडग्यापलीकडे त्याला बर्फात एक मोडलेली फांदी दिसली.

फांदीच्या टोकाला टोपी होती.

तो धावला. मांडीभर बर्फात पडत, उठत पोचला. गुमानसिंग होता. दाढीत बर्फाचे लोलक, डोळे अर्धवट उघडे. एका पायातला बूट मागे कुठेतरी बर्फातच राहिला होता. विश्वंभरने त्याला काखेत धरून फरफटत आणला. स्वतःत एवढं बळ आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

दारातून आत घेताच तो त्याला सरळ बुखारीकडे नेऊ लागला.

"आगीपाशी नको."

"माई, गारठून गेलाय तो..."

"म्हनूनच नको. आंग येकदम भडकलं की जीव जाते. इकडं आन. माह्यापाशी." माईने कोपरावर उठत विचारलं, "कुडकुडते का?"

"नाही. अजिबात नाही."

"मंग वाईट हाय."

तिने सांगितलं तसं त्याने केलं. गोठलेले कपडे सुरीने फाडून काढले. अंग कोरड्या पंचाने टिपलं, घासलं नाही. भिंतीच्या बाजूला, माईच्याच ऊबदार अंथरुणात म्हाताऱ्याला निजवलं. माई जरा सरकली.

"आता तू आत शीर. उघड्या अंगानं. पाठीले पोट लावून धर त्याले."

विश्वंभर उभाच राहिला. जन्मात त्याने दुसऱ्याच्या तांब्यातून पाणी प्यायलं नव्हतं. प्रवचनाच्या गावी त्याचं अंथरूण वेगळं असे. आणि अंथरुणातून तो वास येत होता, तंबाखूचा, खेचराचा, ओल्या लोकरीचा.

मग त्याने सदरा काढला. रजईत शिरला. डोळे मिटून त्या म्हाताऱ्याला कवेत घेतलं.

गुमानसिंगच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. शुद्धीत नसलेलं ते शरीर, उरल्यासुरल्या ताकदीने, विश्वंभरपासून लांब सरकू पाहत होतं.

माईने रजईखाली हात घातला. विश्वंभरच्या छातीवर तळवा ठेवला. जरा वेळ तसाच राहू दिला.

"ऊठ."

"का?"

"तू त्याच्याहून गार हाय."

तो बाहेर आला. माई कण्हत, गुडघे हातांनी उचलत, त्याच्या जागी सरकली आणि तिने आपला हडकुळा देह म्हाताऱ्याच्या पाठीला लावला. कालपासून अंथरुणात असलेल्या त्या देहात ऊब होती.

विश्वंभर खोलीच्या मधोमध उघडा उभा राहिला. इतके दिवस जे कमावलं म्हणून तो मनातल्या मनात मिरवत होता, ते आज एका मरणाऱ्या माणसाला बाधत होतं.

"मी... काय करू?"

"बुखारीपाशी बस."

"पण त्याच्यासाठी काय करू?"

"तेच सांगून राहिले. गरम हो."

त्या घरात आल्यापासून तो पहिल्यांदाच बुखारीपाशी बसला.

आधी त्याने घाईने लाकूड कोंबलं. जाळ गुरगुरला, पत्रा लाल झाला, आणि रजईतून माईचा आवाज आला की सावकाश, घर पेटवायचं नाही. त्याने झडप थोडी लोटली. मग उघडली. मग अर्धी लोटली. पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की जाळाला आवाज असतो. झडप फार मिटली तर तो कुजबुजतो, फार उघडली तर धावत सुटतो, आणि मधे कुठेतरी एक जागा असते जिथे तो झोपलेल्या लेकरासारखा श्वास घेतो. ती जागा त्याने शोधली. सुटली. पुन्हा शोधली.

मग ऊब त्याच्या अंगात शिरू लागली, आणि ती सुखाची नव्हती. आधी बोटांची टोकं जळल्यासारखी झाली. मग तळवे. मग पायांत सुया टोचू लागल्या. जे अंग त्याने इतक्या मेहनतीने बधिर केलं होतं, ते एकेक पेराने परत येत होतं, आणि प्रत्येक पेर येताना ओरडत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. कळांमुळे आलं, असं त्याला आधी वाटलं.

लाकूड तडतडलं. माईचा एक हात रजईबाहेर होता, तो म्हाताऱ्याच्या डोक्यावरून सावकाश फिरत होता.

"माई..."

"हं."

"मी बोलतो तेव्हा लोक रडतात. बायका पदराने डोळे पुसतात. मोठमोठी माणसं माझ्या पाया पडतात." तो थांबला. जाळाकडेच पाहत म्हणाला, "मला काहीच होत नाही. कधीच झालं नाही. म्हणून आलो इथं. हे कुणाला सांगितलं नव्हतं."

"आता काय होते?"

"आत्ता? बोटं ठणकतात."

"ठणकू दे," माई म्हणाली.

ऊन खिडकीतून उतरलं. खोलीत ऊब भरली होती, जाळ एकसारखा चालू होता. तेवढ्यात विश्वंभरला दात वाजल्याचा आवाज आला. गुमानसिंग कुडकुडू लागला होता. विश्वंभर घाबरून उठला, पण माईचा चेहरा उजळला होता. कुडकुडतो म्हणजे आता जगायचं म्हणतो, असं काहीसं ती पुटपुटली. तिचे स्वतःचे ओठ मात्र निळे पडले होते. त्या थंड देहाने तिची सगळी ऊब पिऊन टाकली होती.

तिने हात पुढे केला. विश्वंभर जवळ गेला, वाकला. तिने त्याच्या छातीवर तळवा ठेवला.

"हां," ती म्हणाली. "जाय आता."

त्याने माईला उचलून बुखारीपाशी बसवलं, तिच्याभोवती गोधडी लपेटली, जाळात एक लाकूड सारलं आणि तो रजईत शिरला. या वेळी डोळे मिटले नाहीत. वास तोच होता. त्याने म्हाताऱ्याचे पाय आपल्या पोटऱ्यांत घेतले आणि पाठीला छाती लावली.

गुमानसिंग या वेळी लांब सरकला नाही. तो मागे रेलला, समाधानाने हुंकारला आणि झोपेतच, आपल्या पहाडी बोलीत म्हणाला, "झबरू, जरा सरक रे."

बुखारीपाशी माई खुदकन हसली. झबरू हा गुमानसिंगचा कुत्रा, तिने सांगितलं. हिवाळाभर त्याच्या अंथरुणात निजायचा. मागल्या साली मेला.

गावोगाव ज्याच्या पायांवर डोकी टेकत, तो विश्वंभर आराध्ये जरासा सरकला.

म्हाताऱ्याने त्याचा हात ओढून आपल्या पोटाशी घेतला आणि थोपटला. विश्वंभरच्या छातीत काहीतरी हललं. त्याने त्याला नाव दिलं नाही. नावं त्याच्याकडे पुष्कळ होती, पण त्या वेळी एकही आठवलं नाही.

रात्रभर तो आणि माई आळीपाळीने एकदा बुखारी आणि एकदा म्हातारा सांभाळत राहिले. उजाडता उजाडता गुमानसिंगने डोळे उघडले. आधी त्याने छताकडे पाहिलं, मग बुखारीकडे, मग माईकडे. माईला पाहिल्यावर तो पडल्या पडल्याच हात जोडू लागला.

माईने गुळाचा चहा चमच्या-चमच्याने त्याच्या तोंडात घातला. मग विचारलं, एवढ्या बर्फात कशाला निघाला होतास?

म्हातारा चकित होऊन तिच्याकडे पाहू लागला.

"धूर दिसला नाही, माताजी."

रोज उजाडलं की तो आपल्या दारात उभा राहून वर पाही. माईच्या छतावर धूर दिसला की आत जाऊन आपला चहा ठेवी. किती हिवाळे असंच चाललं होतं. काल उजाडलं, धूर नव्हता. त्याने वाट पाहिली. शिखरावर ऊन आलं, तरी धूर नव्हता. मग त्याला राहवेना. माताजी गेल्या असतील तर निदान जवळ कुणी असावं, म्हणून निघालो, तो म्हणाला.

माई "अस्सं" म्हणाली आणि चहाचा पुढचा चमचा भरला.

विश्वंभर पाण्याचं भांडं घेऊन दारात उभा होता. त्याने ते खाली ठेवलं.

तो बाहेर पडवीत गेला. खाली पाहिलं. कुलूपबंद घरांच्या छतांवर बर्फाचे ढीग होते, आणि त्यांतल्या एकाही छतावर आज धूर नव्हता. इतके दिवस तो इथूनच लाकडं उचलत आला होता. खाली कुणाचा धूर निघतो की नाही, हे पाहावं असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

आत येऊन तो गुमानसिंगच्या उशाशी बसला. शब्दांचा हा धनी, पण त्याला शब्द जुळवावे लागले. विस्तव माझ्यामुळे विझला, तो म्हणाला. मी झोपलो नव्हतो. माताजींची हाक मला ऐकू आली होती. मी उठलो नाही.

गुमानसिंगने ते ऐकून घेतलं. मग रजईतून पाय बाहेर काढून आपल्या काळ्यानिळ्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं. दोन बोटं जाणार, हे त्यालाही दिसत होतं.

"पंडितजी," तो शेवटी म्हणाला, "त्या जिवंत आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं."

विश्वंभरने माईकडे पाहिलं. तिने रागवावं, दोन शब्द तोडून बोलावे, हाकलून द्यावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण माई त्या पायांवर बांधायला जुनं लुगडं फाडत होती. एक टोक तिने त्याच्या हातात दिलं आणि धर म्हणून खूण केली.

गुमानसिंग माघ उतरेपर्यंत तिथेच राहिला. पुढे वाट मोकळी झाली तेव्हा त्याला डोलीत घालून खाली नेलं. बोटं गेलीच, पण पाय वाचला. तोवर त्या एका खोलीत तिघं राहत होती. म्हातारा बोलता झाला की झबरूच्या गोष्टी सांगे. अस्वलाला त्याने कसं पळवलं, लग्नाच्या पंगतीतून अख्खं तूप कसं लांबवलं. विश्वंभर त्या ऐके, आणि एका गोष्टीला इतका हसला की त्याला ठसका लागला.

बाहेरच्या खोलीतली दर्भाची चटई त्याने गुंडाळून ठेवली होती. पहाटे उठून तो निखारा उकरी. जाळ धरला की पडवीत जाऊन छताकडे पाही, धूर नीट चढतोय ना. मग बुखारीपाशीच बसे. कधी डोळे मिटून, कधी उघडे ठेवून. माईने त्याबद्दल काही विचारलं नाही. तोही बोलला नाही. पण एक गोष्ट मनात सलत होती, आणि ती विचारल्यावाचून त्याला चैन पडेना.

एक दिवस दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. छतावरचं बर्फ ठिबकत होतं आणि ठिबकलेलं पाणी अंगणात पडून पुन्हा काचेसारखं गोठत होतं. गुमानसिंग उन्हाच्या कवडशात डुलक्या घेत होता. माई सूप पुढ्यात घेऊन राजमा निवडत होती.

"माई."

"बोल."

"मी आल्यापासून त्या खोलीत बसलो. इतके दिवस. सोसलं ते खोटं नव्हतं, माई. हाडं फुटेस्तोवर सोसलं." त्याचा आवाज खाली आला. "त्याचं सगळ्याचं काय झालं मग?"

माईने हातातला खडा बाजूला टाकला.

"काहीच नाही उरलं का?"

माई पुढे वाकली. बुखारीच्या बुडाशी एक चपटा खण होता, तो तिने फडक्याने धरून बाहेर ओढला. खण काठोकाठ भरला होता. पांढरी, मऊ, अजून कोमट राख.

तिने तो खण त्याच्या हातांत दिला.

"वाटंवर टाकून ये," ती म्हणाली. "लई निसरडं झालं. कोनी येत असन."